नेट गेलं तरी काट्यावरून ऑफिसात मेसेज यायला हवा, लॅन मेसेंजर कोणता लावू?

सरकी_रुई

नमस्कार सगळ्यांना. मी चोपड्याकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात हिशोब बघते, कॉम्प्युटरमधलं कामापुरतं येतं, टॅली आणि एक्सेल, बाकी नेटवर्क वगैरे फार कळत नाही म्हणून इथे विचारते.

आमच्याकडे गेटवर वजनकाटा आहे आणि तिथून ऑफिस साधारण सव्वाशे मीटर आत आहे, मधे प्लॅटफॉर्म जिथे कापूस खाली होतो. शेतकऱ्याची भरलेली गाडी आधी काट्यावर येते, मग प्लॅटफॉर्मवर कापूस खाली होतो, तिथे ओलावा बघतात, मग रिकामी गाडी परत काट्यावर. दोन्ही वजनं आणि ओलाव्याचा आकडा माझ्यापर्यंत आल्याशिवाय मला बिल करता येत नाही. हे सगळं आत्तापर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं, काट्यावरचा मुलगा पावतीचा फोटो टाकायचा, प्लॅटफॉर्मवरचे काका ओलावा टाकायचे. पण सीझनमध्ये नेट गेलं की सगळं ठप्प. रस्त्याच्या कामात केबल तुटते, कधी टॉवरच बंद, मग पोरगं पावत्या हातात घेऊन काटा ते ऑफिस पळत असतं.

मागच्या जानेवारीत अशाच एका दुपारी दोन पावत्यांची अदलाबदल झाली. एका म्हाताऱ्या बाबांचा कापूस ९ टक्के ओलाव्याचा होता आणि त्यांच्या बिलाला दुसऱ्याचा ११ लागला, पैसे कमी गेले. ते दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले, पावती फडक्यात गुंडाळून आणली होती. फरक मी लगेच दिला, पण त्यांचा अख्खा दिवस गेला तो गेलाच. तेव्हापासून डोक्यात आहे की काटा आणि ऑफिस एकाच कंपाउंडमध्ये असताना आपला मेसेज बाहेरच्या नेटवर का अवलंबून असावा.

तर मी आयपी मेसेंजर टाकून बघितलं, म्हणजे बाहेरच्या नेटशिवाय आतल्या वायरीवरून एका पीसीवरून दुसऱ्याला मेसेज पाठवायचं ॲप. ऑफिसातले तिन्ही पीसी एकमेकांना दिसतात, मेसेज जातात, एकदम मस्त. पण काट्याचा पीसी यादीत येतच नाही. आणि गंमत नाही पण कोडं असं की काट्यावरून ऑफिसच्या प्रिंटरवर प्रिंट बरोबर येते, म्हणजे वायर तर जोडलेलीच आहे ना? मग मेसेंजरच का नाही? दुसरं ॲप टाकू का? दसऱ्याला काटापूजन आहे, त्याच्या आत हे लावून द्यायचंय. काट्याचा पीसी विंडोज ७ आहे, बाकीचे १०.

खान्देश_केबलवाला

ताई, ॲप बदलू नका, ॲप बरोबर आहे. धुळ्याला नेटवर्किंगची कामं करतो, हा घोळ दर महिन्याला एकदा तरी बघतो.

आधी एक करा. ऑफिसच्या एका पीसीवर आणि काट्याच्या पीसीवर स्टार्टमध्ये जाऊन सीएमडी टाका, काळी विंडो उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग टाईप करून एंटर मारा. आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे असे दोन आकडे दिसतील ते दोन्हीकडचे इथे टाका. आणि काट्यावर वायर ज्या डब्यात जाते तो डबा स्विच आहे की राऊटर, म्हणजे त्याला अँटेना आहेत का ते पण सांगा.

रावेर_केळीबाग

ताई एवढी झंझट कशाला, काट्यावर दुसऱ्या कंपनीच्या सिमचं डोंगल लावून टाका, एक गेलं तर दुसरं चालू राहील. आमच्या केळीच्या लोडिंगला आम्ही तसंच करतो, शेतात कुठे वायर ओढणार.

सरकी_रुई

दादा, तुमचं शेतात बरोबर आहे, पण आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये कोणत्याच सिमला धड रेंज नसते, आणि लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण जातो. वायर आधीच आहे तर ती वापरावी असं वाटतं.

केबलवाले भाऊ, आकडे बघून आले. ऑफिसचा पीसी १९२.१६८.१.२५ आणि गेटवे १९२.१६८.१.१. काट्याचा पीसी १९२.१६८.०.१०२ आणि गेटवे १९२.१६८.०.१. डब्याला दोन अँटेना आहेत. हा डबा जूनमध्ये नवीन बसवला, विजेच्या कडकडाटात आधीचा जळला होता, जो मुलगा नेटचं बघतो त्याने आणून लावून दिला. आधीचा छोटा होता, अँटेना नव्हत्या. आत्ता लिहिताना आठवलं, पूर्वी मला ऑफिसातून काट्याचं फोल्डर उघडता यायचं, जूनपासून ते उघडत नाही, मला वाटलं शेअरिंग बिघडलं असेल.

खान्देश_केबलवाला

बस, सापडलं. तुमचं ते जूनपासूनचं फोल्डर आणि हा मेसेंजर, दोन्हीचं दुखणं एकच आहे.

आधीचा डबा स्विच होता. स्विच म्हणजे नुसता फाटा, एका वायरीचे चार करून देतो, पीसी सगळे एकाच घरात राहतात. आता तिथे राऊटर बसला, आणि ऑफिसकडून येणारी वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये खोचली असणार, बहुतेक डब्यांवर त्या पोर्टचा रंग वेगळा असतो, निळा नाहीतर पिवळा. वॅनमध्ये वायर टाकली की राऊटर समजतो पलीकडे इंटरनेट आहे आणि अलीकडे माझं स्वतंत्र घर. म्हणून तो काट्याच्या पीसीला स्वतःचा नंबर देतो, तो तिसरा आकडा बघा, ऑफिसात १ आहे आणि काट्यावर ०. दोन वेगळी घरं झाली.

प्रिंट का जाते ते पण सांगतो. राऊटर आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, तेच त्याचं काम आहे. प्रिंट काट्यावरून ऑफिसकडे जाते म्हणजे आतून बाहेर, म्हणून पोचते. तुम्ही ऑफिसातून काट्याचं फोल्डर उघडता तेव्हा बाहेरून आत, म्हणून दार बंद. आणि आयपी मेसेंजरचं तर वेगळंच आहे, त्याला सर्व्हर नसतो, चालू झाला की तो २४२५ नंबरच्या पोर्टवर (हा पोर्ट म्हणजे वायरीचं भोक नाही, ॲपने वापरायचा दाराचा नंबर) सगळ्या घराला एकदम हाक मारतो, मी आलो मी आलो, आणि जे ओ देतात ते यादीत दिसतात. त्या हाकेला ब्रॉडकास्ट म्हणतात आणि ती राऊटरच्या पलीकडे जातच नाही. म्हणून तुम्ही दुसरं कुठलंही सर्व्हर नसलेलं ॲप आणलं असतं, बीबीप आणा नाहीतर लॅन मेसेंजर आणा, यादीत काटा आपोआप दिसला नसता.

आता करायचं काय. क्रम महत्त्वाचा आहे, उलटं केलं तर ऑफिसचं नेट पण गोंधळेल. काट्याच्या पीसीवरूनच ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, राऊटरचं पान येईल. लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ करा. त्याआधी ऑफिसच्या राऊटरमध्ये बघून घ्या की तो वाटपाचे नंबर कुठून सुरू करतो, २ पासून करत असेल तर काट्याच्या डब्याला त्या वाटपाच्या बाहेरचा नंबर द्या, नाहीतर एक नंबर दोघांना जाईल. मग नवीन नंबरने पान परत उघडून डीएचसीपी बंद करा, डीएचसीपी म्हणजे नंबर वाटणारा, एका घरात वाटणारा एकच पाहिजे. सेव्ह झालं की मग शेवटी वायर वॅनमधून काढून साध्या लॅन पोर्टमध्ये टाका आणि पीसी रिस्टार्ट करा. काही राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असा सरळ पर्याय असतो, तो असेल तर यातलं बरंचसं तोच करतो.

झालं की परत आयपीकॉन्फिग. तिसरा आकडा १ झाला पाहिजे.

भुसावळ_जंक्शन

वाचून जुने दिवस आठवले. आमच्या ऑफिसात विंडोज २००० आणि एक्सपी असताना असलं काही ॲप टाकावं लागत नव्हतं, काळ्या विंडोत नेट सेंड लिहायचं, पुढे पीसीचं नाव आणि मेसेज, की समोरच्याच्या स्क्रीनवर चौकोन उघडायचा. पुढे त्याच वाटेने लोक जाहिराती पाठवायला लागले, मग २००४ ला एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ती सेवा बंद करून ठेवली आणि व्हिस्टापासून काढूनच टाकली.

बाई, तुमचं काम पैशाचं आहे म्हणून एक वडीलकीने सांगतो. आयपी मेसेंजर चांगलं आहे, १९९६ पासून आहे, एका जपानी माणसाने लिहिलेलं, पण त्यात लॉगिन नाही. नाव ज्याने त्याने स्वतः टाकायचं. वायफायचा पासवर्ड असलेला कोणीही आपल्या लॅपटॉपला काटा नाव देऊन तुम्हाला वजन पाठवू शकतो. शिवाय दोन्ही पीसी एकाच वेळी चालू असल्याशिवाय मेसेज पोचत नाही. तुम्ही ओपनफायर बघा. एका पीसीवर सर्व्हर बसतो, प्रत्येकाला आपलं नाव आणि पासवर्ड, बाकीच्यांकडे स्पार्क टाकायचं, म्हणजे त्या सर्व्हरला जोडणारं मेसेंजर ॲप. समोरचा बंद असला तर मेसेज सर्व्हरवर थांबतो आणि तो आला की मिळतो. पैसे लागत नाहीत. आमच्याकडे पंधरा-सोळा जण वापरतात.

सरकी_रुई

काका, लॉगिनचं तुम्ही म्हणता ते पटलं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ओपनफायर मला एकटीला जमेल का? आणि सर्व्हर म्हणजे वेगळी मशीन घ्यावी लागेल ना?

तापीकाठ

राम राम ताई, मी शिरपूरना शे. वेगळी मशीन नको, पाच-सात जणांसाठी ऑफिसातला जो पीसी सकाळी पहिला चालू होतो आणि शेवटी बंद होतो त्यावर चालतं. इन्स्टॉल केल्यावर ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर त्याचं पान उघडतं, तिथे भाषा, नाव, डेटाबेस असं विचारतं, डेटाबेसला एम्बेडेड निवडा, एवढ्या लोकांना पुरतो. डोमेनला आयपी नंबर टाकू नका, एक साधं नाव द्या, कारण ते नंतर बदलायचं म्हणजे डोकेदुखी आहे. मग युजर बनवा, सगळ्यांना एका ग्रुपमध्ये टाका आणि तो ग्रुप सगळ्यांच्या यादीत दिसू द्या असा पर्याय लावा, नाहीतर प्रत्येकाने प्रत्येकाला ॲड करत बसावं लागतं.

माझ्या हातून झालेल्या तीन चुका सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सर्व्हरच्या पीसीचा आयपी फिक्स केला नव्हता, लाईट जाऊन आली की नंबर बदलायचा आणि सगळ्यांचं स्पार्क बंद. दुसरं म्हणजे त्या पीसीची स्लीप सेटिंग तशीच होती, जेवायला गेलं की पीसी झोपायचा आणि सगळं ऑफिस ऑफलाईन. तिसरं, फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यात, स्पार्कसाठीचा ५२२२ पोर्ट उघडायचं राहिलं होतं, सर्व्हरवर बसून सगळं चालायचं, दुसऱ्या पीसीवरून लॉगिनच नाही, अर्धा दिवस त्यात गेला.

आणि हे मात्र नक्की करा, जुनी फाईल कोणाकडून पेनड्राइव्हवर घेऊ नका, त्यांच्या साईटवरून ताजी घ्या. २०२३ मध्ये त्याच्या ॲडमिन पानात मोठं भोक सापडलं होतं, पासवर्ड नसताना आत घुसता येत होतं, ते ४.७.५ मध्ये बुजवलं, जुन्या ४.६ वाल्यांसाठी ४.६.८ मध्ये. आणि ते ९०९० चं पान राऊटरमधून बाहेरच्या जगाला कधी उघडून देऊ नका, घरून बघायला मिळावं म्हणून लोक तसं करतात.

खान्देश_केबलवाला

दोन्ही काकांचं, आय मीन काकांचं आणि तापीकाठ भाऊंचं बरोबर आहे, पण ताई, आधी वायर आणि नंबर. घर एक झाल्याशिवाय ओपनफायर पण अर्धवट चालेल, काट्याचा स्पार्क सर्व्हरला लागेल कारण तो आतून बाहेर जातो, पण तुमचं फोल्डर तरी बंदच राहील. दसऱ्यापर्यंत आयपी मेसेंजरवर जम बसवा, माणसांना सवय होऊ द्या, मग ओपनफायर.

सरकी_रुई

झालं!! पण लगेच नाही झालं, म्हणून सगळं लिहिते, कोणाला उपयोगी पडेल.

काल संध्याकाळी काटा बंद झाल्यावर बसले. राऊटरचा पासवर्ड ॲडमिन ॲडमिनच होता, तो आधी बदलला. ऑफिसचा राऊटर १०० पासून नंबर वाटतो असं दिसलं (माझ्या पीसीला तो २५ कोणीतरी हाताने दिलेला निघाला), म्हणून काट्याच्या डब्याला १९२.१६८.१.२ दिला. डीएचसीपी बंद केला, वायर निळ्या पोर्टातून पिवळ्यात टाकली, रिस्टार्ट. नंबर १९२.१६८.१.१०७ आला, तिसरा आकडा १. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच वॉचमन काकांना ओरडून सांगितलं.

पण मेसेंजरच्या यादीत काटा तरी नाहीच. मग बघितलं तर विंडोज ७ ने नवीन नेटवर्क म्हणून परत विचारलं होतं, होम की वर्क की पब्लिक, आणि घाईत माझ्याकडून पब्लिक दाबलं गेलं होतं. ते वर्क केलं, फायरवॉलमध्ये आयपी मेसेंजरला परवानगी दिली, रिफ्रेश दाबलं आणि काटा आला! पहिला मेसेज काट्यावरच्या मुलाने पाठवला, टोकन ३१ भरलेली २९४० रिकामी १७१० ओलावा ९, खोटा खोटाच, नुसता बघायला. मी ऑफिसच्या राऊटरची नेटची वायर काढून ठेवली होती मुद्दाम, तरी आला. जुनं फोल्डर पण उघडलं.

त्यात ते पाकीट बंद करून पाठवायचं आहे ना, समोरच्याने उघडलं की आपल्याला कळतं, ते आम्ही सक्तीचं केलंय. काट्याने वजन पाठवलं आणि मी उघडल्याचं त्याला दिसलं की मगच गाडी सोडायची. आणि मेसेजमध्ये टोकन नंबर पहिला लिहायचा, नाव नंतर. त्या बाबांच्या वेळी नावावरूनच घोळ झाला होता, दोघांचं आडनाव आणि गाव एकच होतं.

राहिलं एक. प्लॅटफॉर्मवरच्या काकांकडे पीसी नाही, मोबाईल आहे. आणि प्रिंट अधूनमधून अर्ध्यात अडकते, ती आजही अडकली.

खान्देश_केबलवाला

शाब्बास ताई. ते प्रिंट अडकणं वायरीचं आहे. तुम्ही सव्वाशे मीटर म्हणालात तेव्हाच मनात आलं होतं. तांब्याच्या लॅन वायरीची हद्द १०० मीटर, त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या वायरी पण धरायच्या. बंडल ३०५ मीटरचं येतं म्हणून लोकांना वाटतं तेवढी सरळ ओढता येते. पुढे गेली की चालते पण अडखळत चालते, छोटे मेसेज जातात, मोठी प्रिंट अडकते. मधे प्लॅटफॉर्मवर एक स्विच टाकला की दोन तुकडे होतील आणि हद्दीत येतील.

पण माझं मत विचाराल तर काटा ते ऑफिस तांबं नकोच. जूनमध्ये डबा का जळला, उघड्यावरची तांब्याची वायर दोन इमारतींमध्ये, वीज जवळपास पडली तरी त्यात झटका येतो आणि दोन्ही टोकांचं जळतं. तिथे फायबर म्हणजे काचेची वायर ओढा, दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी लॅन वायर जोडणारा छोटा डबा. काचेतून करंट जात नाही आणि सव्वाशे मीटर फायबरला काहीच नाही. कन्व्हर्टर दोन्हीकडे यूपीएसवर घ्या, राऊटर पण, नाहीतर लाईट गेल्यावर पीसी चालू आणि मेसेज बंद. पाईपमधून घाला, उंदीर आणि खार जिनिंगमध्ये भरपूर.

तापीकाठ

मोबाईलसाठी ओपनफायरच लागेल ताई, तेव्हा करा. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स नावाचं ॲप त्याला जोडता येतं, पहिल्यांदा सर्टिफिकेटबद्दल विचारेल ते तुमचंच आहे हे बघून मान्य करायचं. काकांचा मोबाईल गेस्ट वायफायवर टाकू नका, गेस्टवाल्याला आतले पीसी दिसत नाहीत, आणि राऊटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्यांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा.

भुसावळ_जंक्शन

काट्याच्या पीसीचं एक राहिलं. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून साध्या गिऱ्हाइकांना अपडेट नाहीत. वजनाचं सॉफ्टवेअर जुनं म्हणून विंडोज बदलता येत नसेल तर निदान त्याला नेट देऊ नका. आयपी हाताने टाका आणि गेटवेची जागा रिकामी ठेवा, आतलं सगळं चालेल, मेसेंजर, प्रिंट, फोल्डर, पण बाहेरचं काही उघडणार नाही.

सरकी_रुई

काका, गेटवे रिकामा ठेवला आजच, १९२.१६८.१.३० दिला. प्रिंट आणि मेसेज चालू आहेत, यूट्यूब बंद झालं म्हणून काट्यावरचा मुलगा जरा नाराज आहे, त्याला समजावलं. फायबरचं शेटजींना विचारलं, जळलेल्या डब्याचं सांगितल्यावर हो म्हणाले. सोमवारी वायरमन येणार आहे, केबलवाले भाऊ, त्याला सिंगल मोड प्रकारची फायबर आणायला सांगू का?

खान्देश_केबलवाला

हो, सिंगल मोड, आणि कन्व्हर्टरची जोडी पण सिंगल मोडचीच. एकाच फायबरवर चालणारी जोडी घेतली तर एक बाजू ए आणि एक बी असते, दोन ए आणले तर लिंक लागत नाही. दुकानातच दोन्ही लावून दिवा लागतो का बघून घ्यायला सांगा.